विचारा की! : ती पंखवाली एमी बाई कोण?

मागच्या अंकात मालिकांवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती की अमेरिकेत टीव्हीवाल्यांना दरवर्षी एमी हा पुरस्कार मिळतो, आणि बाकी दोन पानं सोडून सगळ्यांनी त्या एका ओळीवरच पत्रं पाठवलीत. ठीक आहे, या वेळी एमीच.

प्रश्न : आमच्या घरात भांडण लागलंय. नातू म्हणतो कॉमेडियन वीर दासला एमी मिळाला, 'दिल्ली क्राईम' या मालिकेला पण मिळाला. सून म्हणते तो खरा एमी न्हवंच. कोण बरोबर? (एक आजोबा, टिळकवाडी)

आजोबा, दोघं पण बरोबर, म्हणून तर भांडण मिटत नाही. एमी हे आडनाव समजा, एका आडनावाचे तीन भाऊ पण चुली वेगळ्या. पहिली चूल लॉस एंजेलिसच्या टेलिव्हिजन अकॅडमीची, ती प्राइमटाइमचा एमी देते, म्हणजे मुख्यतः रात्री लागणाऱ्या तिकडच्या कार्यक्रमांचा, आता त्यात ओटीटी पण आलं. दुसरी न्यूयॉर्कची, तिच्याकडं दिवसा लागणाऱ्या मालिका, बातम्या, स्पोर्ट्स वगैरे. तिसरी इंटरनॅशनल, ती पण न्यूयॉर्कलाच, नोव्हेंबरात देतात, अमेरिकेबाहेर बनलेल्या कार्यक्रमांना. 'दिल्ली क्राईम'ला २०२० मध्ये बेस्ट ड्रामा मिळाला तो या तिसऱ्या चुलीवरचा, आणि वीर दासला २०२३ मध्ये कॉमेडीचा मिळाला तो पण तिथलाच, तोसुद्धा 'डेरी गर्ल्स' या ब्रिटिश मालिकेबरोबर वाटून. तेव्हा सुनेला सांगा खोटा नाही, वेगळा आहे. आणि नातवाला जिंकायचंच असेल तर आर्ची पंजाबीचं नाव सांगू दे, भारतीय वंशाची ब्रिटिश नटी, २०१० मध्ये 'द गुड वाइफ'साठी सहाय्यक अभिनेत्रीचा घेतला तो पहिल्या चुलीवरचाच.

प्रश्न : ट्रॉफीवर पंख असलेली बाई गोळा धरून उभी आहे ती कोण? देवी आहे का? एमी तिचं नाव? (एक वाचक, शहापूर)

देवी नाही ओ, इंजिनियरची बायको! लुई मॅकमॅनस म्हणून टीव्हीतलाच एक इंजिनियर होता, त्यानं घरात बायको डोरोथीला समोर उभं करून डिझाइन काढलं. त्याच्या आधी अकॅडमीनं ४७ डिझाइनं नापास केली होती, ४८वं पास झालं. (आमच्याकडं लग्नपत्रिकेचं तिसरं डिझाइन दाखवलं की प्रेसवाला तोंड फिरवतो.) हातातला गोळा म्हणजे अणू, विज्ञानाचा, आणि पंख कलेचे. वजन तीन किलोच्या आसपास, स्टेजवर एका हातात धरून भाषण करायचं म्हणजे मनगट पाहिजे.

नाव मात्र बाईचं नव्हतंच. त्या वेळी टीव्हीच्या कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन नावाची ट्यूब असायची, टेक्निशियन लोक तिला लाडानं 'इमी' म्हणायचे. मूर्ती बाईची निघाली म्हटल्यावर इमीची एमी झाली. म्हणजे आपल्या नाटकवाल्यांनी डिमरचं (लाइटचा उजेड कमीजास्त करायचं यंत्र) नाव बक्षिसाला दिल्यासारखं झालं, मला तर हे फार आवडतं.

पहिला कार्यक्रम २५ जानेवारी १९४९ ला हॉलिवूडच्या एका क्लबात झाला, तिकीट ५ डॉलर, बक्षिसं फक्त ६, आणि स्पर्धा पण लॉस एंजेलिसपुरतीच, म्हणजे सुरुवात तशी गल्लीतलीच. पहिली एमी घेतली शर्ली डिन्सडेल या मुलीनं, ती बोलक्या बाहुलीचे कार्यक्रम करायची. आपल्याकडं रामदास पाध्ये आणि अर्धवटराव, तसंच.

प्रश्न : यात आपण मिस्ड कॉल देऊन किंवा अ‍ॅपवर व्होटिंग करू शकतो का? नसेल तर ठरवतं कोण? (एक तरुण, निपाणी)

नाही बाबा, पब्लिकचं व्होटिंग यात नाही. अकॅडमीचे २० हजारांहून जास्त मेंबर आहेत, सगळे त्याच धंद्यातले, तेच मत देतात. नॉमिनेशनला नटांची नावं नट काढतात, लेखकांची लेखक, एडिटिंगची एडिटर. आख्ख्या मालिकेला मत द्यायचं असलं की मग सगळे मिळून. ओळखीपाळखी चालत असतीलच, माणसंच आहेत, पण निदान ज्याचं काम त्याला कळणारा माणूस बघतो.

हे मी मुद्दाम लांबवतोय कारण माझं एक जुनं दुखणं आहे. कॉलेजात असताना आम्ही बाजूच्या एका गावात एकांकिका स्पर्धेला गेलो होतो, सामान टेम्पोत. आमच्या लाइटवाल्यानं तेलाचे डबे कापून स्पॉटलाइट केले होते, आतून चंदेरी कागद. शेवटच्या सीनमध्ये म्हातारा मरतो आणि उजेड हळूहळू जायचा असतो, नेमका तेव्हाच डिमर जळाला, वास थिएटरभर. आता बटण बंद केलं तर भपकन अंधार होणार, तर हा पठ्ठ्या विंगेत गुडघ्यावर बसला आणि मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा डब्याच्या तोंडावर बोटभर बोटभर सरकवत गेला, हात भाजत होता तरी. समोर एकाला पण कळलं नाही. प्रकाशयोजनेचं बक्षीस गेलं कुणाला, तर ज्यांनी लाल हिरवा निळा आलटून पालटून मारला त्यांना. परीक्षकांत एक हेडमास्तर आणि एक ढाल देणारे दुकानदार, दोघं भले लोक, पण लाइटमधलं काय कळणार त्यांना. परत येताना तो टेम्पोत एक शब्द बोलला नाही.

तर तिकडं लाइट, साउंड, मेकअप, केसं, स्टंट असल्या कामांना वेगळाच सोहळा असतो, क्रिएटिव्ह आर्ट्स एमी, मुख्य कार्यक्रमाच्या थोडं आधी. टीव्हीवर गाजावाजा नटनट्यांचा होतो पण ट्रॉफ्या जास्त इकडंच वाटल्या जातात. २०२४ मध्ये 'शोगन' या मालिकेनं एका वर्षात १८ एमींचा रेकॉर्ड केला, त्यातल्या १४ या क्रिएटिव्ह आर्ट्सच्या सोहळ्यातल्या आणि मुख्य रात्री फक्त ४.

प्रश्न : आमच्या घरी आई मराठी मालिका बघते, शेजारच्या अव्वा कन्नड. अमेरिकेत इंग्लिश सोडून दुसऱ्या भाषेला एमी मिळतो का? (कॉलेजची विद्यार्थिनी, खानापूर)

मिळतो, पण फार उशिरा मिळायला लागला. वर सांगितलेल्या 'शोगन'मध्ये बहुतेक संवाद जपानी आहेत तरी बेस्ट ड्रामा तीच, अशी पहिलीच मालिका, शिवाय हिरोयुकी सानादा आणि अ‍ॅना सवाई दोघांना अभिनयाचा. त्याच्या आधी २०२२ मध्ये कोरियन 'स्क्विड गेम'च्या ली जंग-जेला बेस्ट अ‍ॅक्टर मिळाला होता. अट एवढीच की बाहेरच्या देशातली मालिका असेल तर त्यात अमेरिकेतली पार्टी भागीदार पाहिजे, नाहीतर तिसरी चूल आहेच.

अमेरिकन लोक खाली पाटी (सबटायटल) वाचत मालिका बघायला लागले याचं तिकडं केवढं कौतुक झालं. आमच्या मावशीला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नाही, वडगावात चाळीस वर्षं काढलीत, रात्री अर्धा तास कन्नड मालिका लावते आणि सकाळी नळावर अव्वाबरोबर मराठीत भांडते की त्या सुनेचं चुकलंच म्हणून. अव्वा उत्तर देते कन्नडमध्ये. पाटी कुणाला लागत नाही.

प्रश्न : लाइव्ह बघायचं तर कधी? सकाळी डेअरीला दूध घालायचं असतंय. (येळ्ळूर)

साधारण सप्टेंबरातला रविवार, न्यूयॉर्कला रात्री ८, म्हणजे आपल्याकडं सोमवार पहाटे ५:३०, चालतं तीन तास. वर्ष बघून तारीख तपासा मात्र, कारण २०२३ मध्ये लेखक आणि नट संपावर गेले आणि ७५वा सोहळा ढकलत ढकलत १५ जानेवारी २०२४ ला गेला, मग त्याच वर्षी सप्टेंबरात ७६वा, एका वर्षात दोन. दूध घालून या निवांत, बेस्ट ड्रामा शेवटी शेवटीच जाहीर करतात, आठ साडेआठला. फक्त त्या दिवशी नळाला पाणी यायची पाळी नाही ना ते बघून ठेवा.