दहा बाय दहाच्या खोलीत मुलांसाठी बंक बेड: लाकडाआधी काय पाहावे

आपला प्रश्न असा आहे की, बेळगावात अनगोळ भागात आपण भाड्याच्या घरात राहता, मुलांची खोली दहा बाय दहा फुटांची आहे, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे, जागा वाचावी म्हणून बंक बेड, म्हणजे एकावर एक दोन पलंग, घेण्याचा विचार आहे, आणि तो ऑनलाइन तयार मागवावा की सुताराकडून सागवानात करून घ्यावा हे ठरत नाही. मी याच शहरात लाकूडकामाच्या आखणीचे काम करतो. मुलांच्या खोल्यांची मापे घेणे, नकाशे काढणे आणि सुतारांकडून काम करवून घेणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्या अनुभवावर आपल्याला एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सागवान की प्लायवूड, तयार की घडवलेला, हे प्रश्न नंतरचे आहेत. आधी छताचा पंखा, मग मुलांची वये आणि त्यानंतर वरच्या पलंगाचा कठडा, या क्रमाने विचार केला तरच बंक बेड आपल्या घरात ठेवण्याजोगा आहे की नाही हे कळेल.

पंख्यापासून सुरुवात करतो, कारण परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत त्याविषयी फारसे सापडत नाही आणि आपल्याकडे तर प्रत्येक खोलीच्या मध्यभागी पंखा असतोच. आपल्या खोलीचा हिशेब करून पाहा. खोली दहा फुटांची म्हणजे पंख्याचा मध्य भिंतीपासून पाच फुटांवर. सर्वसाधारण पंखा ४८ इंची असतो, म्हणजे त्याचे पाते मध्यापासून दोन फूट पसरते. याचा अर्थ असा की पात्याचे टोक भिंतीपासून तीन फुटांवर फिरते, आणि तीन फुटी गादीचा पलंग चौकटीसह भिंतीला लावला की त्याची बाहेरची कड नेमकी त्याच रेषेवर किंवा तिच्याही पुढे येते. आता उंची पाहा. स्लॅब दहा फुटांवर असेल तर पाती साधारण साडेआठ ते नऊ फुटांवर असतात. वरच्या गादीचा पृष्ठभाग पाच फुटांच्या आसपास येतो. आठ वर्षांची मुलगी गादीवर उभी राहिली तर तिचे डोके पात्यांच्या उंचीला पोहोचते, आणि गुडघ्यांवर बसून तिने हात वर केला तरी बोटे तिथवर जातात. अंथरूण झटकताना चादर पंख्यात जाणे हा तर रोजचाच धोका ठरेल. मुलीला कितीही बजावले तरी अर्धवट झोपेत असलेले मूल छताकडे पाहून उठत नाही.

म्हणून अशा खोलीत मधला पंखा ठेवून बंक बेड बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंखा काढून समोरच्या भिंतीवर जाळीचा, भिंतीला लावायचा पंखा बसवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. घर भाड्याचे असल्याने मालकांना विचारावे लागेल, पण एका स्विचपासून वायर ओढण्याइतकेच ते काम आहे. वरच्या पलंगाच्या मुलाला वारा मिळेल आणि हात पोहोचणार नाही, अशा अंतरावर तो लावावा. खालच्या पलंगाची फळी जमिनीपासून दीड फुटाऐवजी दहा-बारा इंचांवर घेतली तर वरचा पलंगही तेवढा खाली येतो आणि छतापर्यंतची मोकळी जागा वाढते. वरच्या गादीपासून छतापर्यंत किमान तीन फूट मिळाले पाहिजेत, म्हणजे मुलीला बसता येईल आणि एप्रिलमध्ये स्लॅबची धग थेट अंगावर येणार नाही. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांत माळ्याखालची खोली असेल किंवा खेड्यातल्या कौलारू घरात उतरते छप्पर असेल, तर तिथे पंख्याऐवजी तुळई आणि वासे डोक्याला लागण्याची शक्यता पाहावी लागते. अशा घरांत मी बहुधा बंक बेडचा विचार सोडूनच द्यायला सांगतो.

आता वयाचे पाहू. अमेरिका आणि युरोप या दोन्हीकडचे नियम एका बाबतीत सारखे आहेत: सहा वर्षांखालील मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये. ऑस्ट्रेलियात तर ही मर्यादा नऊ वर्षांची सांगितली जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात १९९० ते २००५ या काळात बंक बेडमुळे तिथल्या मुलांना आणि तरुणांना दरवर्षी सरासरी सुमारे ३६ हजार दुखापती झाल्याचे आढळले, त्यांतल्या जवळपास निम्म्या सहा वर्षांखालच्या मुलांच्या होत्या आणि बहुतेक दुखापतींचे कारण पडणे हेच होते. तेव्हा आपला चार वर्षांचा मुलगा खाली आणि मुलगी वर, यात बदल करण्याचा प्रश्न येत नाही. पण तेवढ्याने काळजी संपत नाही, कारण ताई वर चढते म्हटल्यावर धाकटा दिवसभर त्याच शिडीपाशी घुटमळणार. यासाठी शिडी आकड्यांवर पक्की बसणारी, तरीही मोठ्या माणसाला काढून ठेवता येईल अशी करून घ्यावी आणि मुलगी शाळेत गेली की ती काढून कपाटामागे ठेवावी. हल्ली जिन्यासारख्या पायऱ्या आणि त्यांत खण असलेले बंक बेड लोकांना आवडतात. चढायला ते खरेच सोयीचे आहेत, परंतु घरात चार वर्षांचे मूल असेल तर त्या पायऱ्या काढून ठेवता येत नाहीत, हे लक्षात ठेवावे. झोपेत चालण्याची सवय असलेल्या किंवा फिट येणाऱ्या मुलाला वय कितीही असले तरी वर झोपवू नये, आणि ताप आलेल्या मुलाची झोपायची जागा त्या रात्री खालीच असावी.

कठड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे मोजण्याची पद्धतच चुकते. कठडा किती उंच, असे विचारले की सुतार फळीपासून मोजून दहा इंच सांगतो. मूल मात्र फळीवर झोपत नाही, गादीवर झोपते. फळीवर सहा इंचांची गादी घातली की दहा इंचांच्या कठड्यातले चारच इंच उरतात, आणि कूस बदलणाऱ्या मुलाला चार इंच पुरत नाहीत. अमेरिकी नियमाप्रमाणे कठडा गादीच्या वर किमान पाच इंच असावा लागतो, तर युरोपीय मानकात हेच अंतर १६ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा इंचांच्या आसपास आहे. मी सुतारांना गादी चार इंचांची धरून फळीपासून बारा इंच कठडा लिहून देतो. तयार पलंग घेणार असाल तर जास्तीत जास्त किती जाडीची गादी चालेल हे त्याच्या माहितीत लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय गादी विकत घेऊ नये. आपल्याकडची कापसाची गादी वरच्या पलंगासाठी मला पटत नाही, कारण ती जड असते, मध्ये दबते आणि कडेला फुगून कठड्याची उंची खाते. चार इंचांची, काथ्याची किंवा घट्ट फोमची, फळीच्या मापात नेमकी बसणारी गादी मुलांच्या पाठीलाही चांगली आणि उचलून उन्हात टाकायलाही सोपी.

कठड्याच्या पट्ट्यांमधल्या फटीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. मुलाचे अंग ज्या फटीतून सरकते पण डोके सरकत नाही, अशी फट सर्वांत घातक, कारण पाय आधी घसरले की मूल मानेवर लटकते. अमेरिकेत या फटी साडेतीन इंचांपेक्षा कमी ठेवण्याची अट आहे, युरोपात ६ ते साडेसात सेंटिमीटर. आपण अडीच ते तीन इंच धरावेत. वर चढण्यासाठी कठड्यात सोडलेली जागा बारा ते पंधरा इंचांपेक्षा मोठी नको, नाहीतर झोपेतले मूल नेमके तिथूनच खाली येते.

आणि भिंतीच्या बाजूचा कठडा. भिंत आहेच, तिकडे कठडा कशाला, असे जवळजवळ प्रत्येक सुतार म्हणतो आणि बहुतेक पालकांना ते पटते. आपल्या भागात हे विशेष धोक्याचे आहे. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतींना ओल येते, खानापूरच्या बाजूला तर बुरशीही धरते, मग गादी भिजू नये म्हणून घरातली माणसे पलंग भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढतात. चार वर्षांच्या मुलाच्या खालच्या पलंगालाही ती फट घातक आहे आणि वरच्या पलंगाला तर अधिकच. मी एका घरात पावसाळ्यात असा पुढे ओढलेला बंक बेड पाहिला आहे, ज्याच्या वरच्या पलंगाला भिंतीकडून काहीही आडोसा नव्हता आणि मूल त्याच बाजूला तोंड करून झोपत असे. म्हणून भिंतीकडचा कठडा डोक्यापासून पायापर्यंत सलग असलाच पाहिजे, मग पलंग कुठेही सरकवा. शक्य असेल तर पलंग बाहेरच्या भिंतीला न लावता दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला लावावा, म्हणजे ओलीचा प्रश्नच कमी होतो. खालच्या पलंगालाही भिंतीकडून एक पट्टी ठोकून घ्यावी; खर्च नगण्य आहे.

लाकडाबद्दल मात्र फार चिंता करू नये. खानापूर-दांडेलीकडचे सागवान उत्तमच, फणसाचे लाकूडही चालते, परंतु ते मुरलेले असले पाहिजे. ओले लाकूड उन्हाळ्यात आटते आणि सांधे ढिले पडतात, त्यामुळे काम पावसाळ्यात काढण्यापेक्षा दिवाळीनंतर काढलेले बरे. स्वस्त तयार पलंगांत पार्टिकल बोर्ड असतो आणि आपल्या दमट हवेत तो फुगतो, स्क्रूची पकड सुटते, म्हणून बंक बेडसाठी तो मी सुचवणार नाही. प्लायवूड घेतल्यास त्यावर आयएस ७१० किंवा आयएस ३०३ मधील बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही न सुटणारे) असा भारतीय मानकाचा छाप पाहावा. फळ्यांखाली आडव्या पट्ट्या हव्यात आणि चौकटीचे मुख्य सांधे खिळ्यांऐवजी आरपार नट-बोल्टचे हवेत. उद्यमबाग या आपल्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी चौकोनी पाइपचा बंक बेड कमी पैशांत आणि भक्कम करून मिळतो. त्यात पाइप १६ गेजपेक्षा पातळ नको, वेल्डिंगची टोके घासून गुळगुळीत केलेली हवीत, पाइपांची उघडी तोंडे बंद हवीत, आणि शिडीच्या पायऱ्या गोल सळईच्या नकोत, कारण अनवाणी तळव्याला त्या टोचतात आणि पाय घसरतो. चपटी, तीन-चार इंच रुंद पायरी, प्रत्येकीत सारखे अंतर, हेच लाकडी शिडीलाही लागू आहे.

रंगाविषयी एक नियम आपल्या बाजूने आहे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावे असे बंधन भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे आणि डब्यावर तसे लिहिलेले असते. सुताराकडचा उरलेला जुना डबा वापरू देऊ नये. मुले कठडा दातांनी कुरतडतात.

वापरातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते, ती म्हणजे वरच्या पलंगाला बांधलेल्या दोऱ्या. मच्छरदाणीच्या लांब नाड्या, झोका म्हणून अडकवलेली ओढणी, शाळेच्या पिशवीचा पट्टा, हे सगळे खालच्या मुलाच्या गळ्यात अडकू शकते. वरच्या पलंगासाठी चौकटीत बसणारी, खाली दोरी न लोंबणारी मच्छरदाणी घ्यावी, आणि कठड्यावर काहीही टांगू नये असा घरचा नियम करावा. रात्री वीज गेली तर मुलीला अंधारात उतरता यावे म्हणून वरच्या उशीजवळ एक लहान टॉर्च असू द्यावी.

आपल्या घरापुरते माझे मत विचाराल तर मालक पंखा हलवू देणार असतील तर सुताराकडून किंवा उद्यमबागेतून वरील मापांचा पलंग करून घ्यावा. ते तयार नसतील तर बंक बेडचा विचार बाजूला ठेवून, खाली चाकांवर सरकणारा दुसरा पलंग असलेली बुटकी खाट करावी. दिवसा जागा तेवढीच मोकळी राहते आणि कुणी पडलेच तर वीतभर उंचीवरून पडेल. करून घेणार असाल तर सगळी मापे इंचांत कागदावर लिहून द्यावीत. आपल्याकडे सुतार मराठी बोलणारा असतो, कन्नड बोलणारा असतो, राजस्थानातून आलेलाही असतो, आणि तोंडी सांगितलेला कठडा फळीपासून मोजला जातो. शेवटची रक्कम पलंग घरात उभा राहून गादी घातल्यावरच द्यावी. आपण स्वतः शिडीने वर चढून बसावे, दोन्ही हातांनी चौकट हलवून पाहावी, गादीवरून कठडा टेपने मोजावा, आणि पहिला पावसाळा संपला की सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळून देण्याचे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्यावे.