माजी सैनिकांच्या संस्थेला देणगी देण्याआधी काय पाहावं?

ताई, तुमचे सासरे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने माजी सैनिकांसाठी ₹५१,००० द्यायचे आहेत. ठाण्याच्या एका संस्थेचा फोन आला आणि 'शंभरातले नव्वद रुपये थेट जवानांपर्यंत पोचतात' असं त्यांनी सांगितलं. यावर विश्वास ठेवावा का, असा तुमचा प्रश्न आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या एका लहान मंडळाचे हिशेब मी अकरा वर्षं लिहिले, त्या अनुभवावरून सांगतो.

तो नव्वद टक्क्यांचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो खोटाच असेल असं नाही. पण खरा असला तरी त्यावरून तुम्हाला हवं ते कळत नाही.

मंडणगडकडच्या एका गावात एका शिपायाची विधवा होती. नवरा गेला आणि फॅमिली पेन्शन सुरू होईना, कारण पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिचं माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. लग्नानंतरचं नाव नवऱ्याने पलटणीत कधी कळवलंच नव्हतं. प्रतिज्ञापत्र कसं करायचं, कोणते दाखले जोडायचे, कुठे पाठवायचे, यातलं त्या माउलीला काही ठाऊक नव्हतं. आमच्या मंडळाने एक अर्धवेळ मुलगा ठेवला होता, महिना ₹६,००० वर. तो तिला घेऊन तहसीलला गेला, बँकेत गेला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेला. पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली. ती आता जन्मभर चालेल.

आमच्या हिशेबात मात्र या कामाचा रुपयाही दिसत नव्हता. त्या मुलाचा पगार 'आस्थापना खर्चा'त, म्हणजे संस्था चालवण्याच्या खर्चात गेला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आम्ही वीरपत्नींचा सत्कार केला. मंडप, शाल-श्रीफळ, सन्मानचिन्हं, पाहुण्यांची गाडी, दीडशे पानांचं जेवण, हे सगळं 'उद्दिष्टांवरील खर्च' म्हणून लागलं. म्हणजे टक्केवारीत सत्काराने आम्ही चांगले ठरलो आणि त्या मुलाच्या पगाराने वाईट. त्या रात्री ताळेबंद पुढ्यात घेऊन बसलो होतो, तेव्हापासून नुसत्या टक्केवारीवरून मी कुठल्याच संस्थेला जोखत नाही.

मग बघायचं काय? महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाला १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते आणि तपासलेले हिशेब दरवर्षी सादर करावे लागतात. संस्थेकडे नोंदणी क्रमांक मागा आणि गेल्या तीन वर्षांचे परिशिष्ट ८ व परिशिष्ट ९ मागा. आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. स्वच्छ संस्था दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर पाठवते. टाळाटाळ झाली तर धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करता येतो, पण खरं सांगायचं तर टाळाटाळ हेच तुमचं उत्तर.

परिशिष्ट ९ मध्ये उद्दिष्टांवरच्या खर्चाचे पाच रकाने असतात : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय हेतू. सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा पैसा तुम्हाला शैक्षणिक, वैद्यकीय आणि गरिबी निवारण यांत दिसायला हवा. बहुतेक रक्कम 'इतर' मध्ये असेल तर तपशील विचारा. सत्कार, जनजागृती रॅली, स्मरणिका, कॅलेंडर हे सगळं तिथेच सापडतं. वीरपत्नीचा मान राखू नये असं मी म्हणत नाही. पण तिला वर्षातून एकदा व्यासपीठावर बसवायचं आणि मुलाच्या फीसाठी ती आली की 'बघू' म्हणायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो.

ताळेबंदात मुदतठेवीही बघा. देणग्या वर्षागणिक वाढताहेत, ठेवी वाढताहेत आणि मदत आहे तिथेच आहे, तर तुमचे ₹५१,००० सुद्धा बँकेत जाऊन बसणार.

आता फोनवर विचारायचा प्रश्न. 'पेन्शन नसलेल्या माजी सैनिकासाठी तुम्ही काय करता?' पंधरा वर्षं पुरी न करता घरी आलेल्या जवानाला साधारणपणे पेन्शन मिळत नाही. अशा हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळू शकतं. ते ₹४,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ₹८,००० झालं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. ज्या संस्थेला हे माहीत आहे आणि जी अर्ज भरून देते, ती एका म्हाताऱ्याला वर्षाला ₹९६,००० मिळवून देऊ शकते. ज्या संस्थेला हे माहीतच नाही, ती त्याच म्हाताऱ्याला दिवाळीत फराळाचा डबा देऊन फोटो काढते.

दुसरा प्रश्न : 'गेल्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यात कोणत्या तालुक्यात कोणतं काम केलं?' नावं मागू नका, चांगली संस्था ती देणारही नाही. पण दापोलीत दोन मुलांची फी भरली, गुहागरहून एका पेशंटला मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात न्यायला गाडीभाडं दिलं, अशी उत्तरं आली की समजा माणसं खरोखर फिरताहेत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून माणसं फौजेत गेलीत, म्हणून 'जवानांसाठी' म्हटलं की आपण पुढचं न विचारता पैसे काढून देतो. फोन करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

आयकर सवलतीसाठीची ८०जीची पावती, संस्थेच्याच नावाचं खातं, व्यक्तीच्या नावावर यूपीआय नाही, ही तर पहिली पायरी. एवढ्यावर कोणी पास होत नाही, पण इथे नापास झाला त्याचा पुढे विचारच करू नका.

शोधाशोध नको असेल तर सैनिकांच्या कल्याणासाठीचा सरकारी ध्वजदिन निधी आहेच. ७ डिसेंबरला तो दिवस पाळतात, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देणगी एरवीही देता येते. किंवा पुण्याला खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेले जवान तिथे राहतात. मी स्वतः तिथे देतो.

आणि ताई, देणगीच्या आधी एक काम करा. सासूबाईंची फॅमिली पेन्शन सुरू झाली असेल तरी त्यांचं पीपीओ काढा आणि त्यावरचं नाव व जन्मतारीख आधार आणि बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. एका अक्षराचा फरक असला तरी इथे लिहा, कोणते कागद लागतील ते मी सांगतो.