बोर्डोला येण्यापूर्वी बडोद्यात काय करावे

फाइन आर्ट्समधून कला-इतिहासात एम. ए. झाल्यावर प्रागैतिहासिक चित्रांच्या सौंदर्यमीमांसेवर फ्रान्समध्ये पीएच. डी. करावी का, असे तुम्ही विचारले आहे. मीही बडोद्याच्या दांडिया बाजारातूनच येथे, फ्रान्समधल्या बोर्डोला आलो, म्हणून स्पष्ट लिहितो. या नावाचा स्वतंत्र विभाग सहसा सापडत नाही. सौंदर्यशास्त्र तत्त्वज्ञानाकडे आणि गुहाचित्रे पुरातत्त्वाकडे असतात, त्यामुळे तुमचा मार्गदर्शक कोणत्या विभागातला आहे यावर पुढची नोकरी बरीचशी ठरते. माझ्या मते तुम्ही पुरातत्त्वाचा मार्ग धरावा.

याचे कारण असे की या विषयात नुसत्या नजरेवर बेतलेली मते वारंवार कोसळली आहेत. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेची चित्रे १८७९ मध्ये उजेडात आली, पण ती इतकी सफाईदार होती की बहुतेक तज्ज्ञांना ती बनावट वाटली. त्यांच्यापैकी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ कार्ताय्याक यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली ती १९०२ मध्ये, आणि तोवर शोधकर्ते सौतुओला वारले होते. पुढे फ्रेंच अभ्यासक ब्रय यांना अशा गुहाचित्रांत शिकार साधण्यासाठी केलेली जादू दिसली, तर त्यांच्यानंतरचे फ्रेंच अभ्यासक लरवा-गूराँ यांनी घोडा आणि बायसन (रानगवा) यांच्या जोडीची रचना मांडली आणि साध्याकडून सफाईदाराकडे जाणारा शैलीक्रमही लावून दिला. १९९४ मध्ये फ्रान्समध्ये सापडलेल्या शोव्हे गुहेतील छायांकित सिंह आणि गेंडे सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे कार्बन-१४ ने (सेंद्रिय पदार्थातल्या कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीने) दाखवले, तेव्हा इतकी जुनी चित्रेही सफाईदार असल्याचे दिसून तो क्रम मोडला. तेथे कोळसा होता म्हणून हे जमले. गेरू हे खनिज असल्याने भोपाळजवळच्या भीमबेटक्यातील गेरूच्या चित्रांना ही सोय नाही.

म्हणून निघण्यापूर्वी सयाजीराव विद्यापीठाच्याच पुरातत्त्व विभागात जाऊन उत्खनन आणि कालमापन यांची तोंडओळख करून घ्या, आणि भीमबेटक्याचे शोधकर्ते वाकणकर ज्या भागात हिंडले त्या माळव्यातील एखाद्या शैलाश्रयाची (चित्रे असलेल्या खडकाच्या आडोशाची) परवानगीने नीट नोंद करा. येथील निवड समितीला अशा नोंदीचे मोल कळते. शिवाय फ्रान्समधली लास्को गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे, शोव्हे कधी उघडलीच नाही, आणि विद्यार्थ्याला बहुधा प्रतिकृतींवर व त्रिमितीय नोंदींवरच काम करावे लागते. मूळ चित्रासमोर तासन् तास बसण्याची चैन आपल्याकडेच आहे. (सौंदर्यावर लिहिणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटू नये.)

फ्रेंच मात्र आतापासून शिका, कारण जुने उत्खनन-अहवाल त्याच भाषेत आहेत. येथील डॉक्टरेटचा पगारी करार साधारणपणे तीन वर्षांचा असतो. तो किंवा शिष्यवृत्ती हातात नसताना घरच्या पैशांवर येऊ नका, कारण पदवीनंतरच्या कायम जागा फार थोड्या निघतात.