राजाचं सिंहासन कुठाय?

प्रश्न : बाई, गेल्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले होते. थोरला दहाचा, धाकटी सहाची. धाकटीनं आत शिरल्या शिरल्या विचारलं, ‘राजाचं सिंहासन कुठाय?’ मला उत्तर देता येईना. थोरल्याचं म्हणणं, ‘इथे नुसती भांडी आहेत, त्यापेक्षा सायन्स पार्कला जाऊ.’ अर्ध्या तासात बाहेर! सगळं मिळून दोन खोल्या धड पाहिल्या असतील. माझं काय चुकलं?
– एक आई, कोथरूड

उत्तर : दोन खोल्या पाहिल्यात ना, मग फार काही चुकलं नाही. तिथे 20,000च्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्याच अडीच हजारांच्या घरात. तेवढं मोठ्या माणसाच्यानंसुद्धा एका फेरीत होत नाही. पायांचे तुकडे पडतात आणि लक्षात राहते ती बाहेरची भेळ.

आधी धाकटीचं उत्तर. हा राजा सिंहासनावरचा नव्हे. दिनकर केळकरांच्या मुलाचं नाव राजा. तो लहानपणीच गेला आणि वडिलांनी त्याच्या आठवणीत हा सगळा संसार उभा केला. 1920च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. माणूस कवी, ‘अज्ञातवासी’ नावानं लिहायचे. गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, टाचा घासायच्या वज्र्या, बाहुल्या, दारं असं जमेल ते आणलं. हे मुलांना दारातच, आत जाण्याआधी सांगा. सहा वर्षांच्या पोरीला सिंहासनापेक्षा ही गोष्ट जवळची वाटते, मी पाहिलंय.

आता थोरला. मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी एक तुकडी तिथे नेली. एकदा परतताना मोजलं तर बेचाळीसांतला एक कमी. पोटात गोळा. धावत वर गेले तर हा पठ्ठ्या अडकित्त्यांच्या कपाटाला कपाळ टेकवून, त्यांत मोर किती ते मोजत बसलेला. त्या दिवसापासून मी ‘सगळं दाखवणं’ सोडलं.

पुढच्या खेपेला फक्त अडकित्ते बघा. पण आदल्या रात्री घरात, नाहीतर शेजारच्या आजींकडे, एक अडकित्ता शोधा आणि थोरल्याच्या हातात सुपारी द्या. तुम्ही समोर बसा, बोटं सांभाळा. आधी सुपारी टोकाकडे ठेवून दाबायला सांगा. फुटता फुटत नाही. मग खिळ्याजवळ सरकवा. कट्ट! ही तरफ. टेकू एका टोकाला, आपला जोर दुसऱ्या टोकाला, सुपारी मध्ये. सुपारी टेकूला जितकी जवळ, तितका कमी जोर. एवढं हाताला कळलं की दुसऱ्या दिवशी त्याला ती ‘नुसती भांडी’ वाटणार नाहीत. दांडे लांब कुणाचे, खिळा कुठे, नक्षीमुळे पकड येते की निसटते, हे तोच तुम्हाला सांगेल. (काही अडकित्त्यांवर जोडपी आहेत, जरा जास्तच जवळ आलेली. विचारलं तर ‘नवरा-बायको आहेत’ म्हणा आणि शांतपणे पुढे चला.)

तीच गत दिव्यांची. समईत तेल खाली आणि ज्योत वर, मग तेल वर चढतं कसं? वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून. पुस्तकात त्याला केशाकर्षण म्हणतात. घरी पाण्यात शाई घालून त्यात कापसाची वात सोडली की मुलांना ते चढताना दिसतं.

आणि पितळेची भांडी! त्यांच्यासमोर मुलाला विचारा, यात ताक ठेवलं तर? आपल्या आज्या सांगायच्या, कळकतं. आंबटपणा पितळेतल्या तांब्याशी भिडतो, ताकाची चव बिघडते आणि ते पोटाला बाधतं. म्हणून कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर निघायचा आणि मग कापसाच्या बोळ्यानं कथलाचा हात फिरवायचा. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून रस्त्याकडेच्या भात्यावर हे जमायचं. आमच्या वाड्यात तो आला की अभ्यास बंद. तुमच्या मुलांनी कल्हईवाला पाहिलेला नसणार, तेव्हा हे तुम्हालाच सांगायला लागेल.

तुम्ही कोथरूडच्या, म्हणून एक खास. तिथला मस्तानी महाल तुमच्याच भागातला. कोथरूडला होता, तिथून सुटा करून इथे पुन्हा जुळवला. ‘आपल्या इथलं घर बघायला जाऊ’ असं म्हणून निघा. लाकूडकाम कुठे सांधलंय ते शोधायला लावा.

वही-पेन नेऊ नका. पाटी वाचून उतरवून घेण्यात मुलं वस्तूकडे बघतच नाहीत, हा माझा शाळेतला अनुभव. सकाळी, खाऊन निघा. पाऊण तास झाला की पोरं कितीही रमली असली तरी बाहेर. सायन्स पार्कलाही न्या, पण त्याच दिवशी नको.

प्रश्न : आठ वर्षांच्या नातवानं केळकर संग्रहालय पाहून आल्यावर घरातच ‘म्युझियम’ मांडायचं ठरवलंय. माझ्या सासूबाईंचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या, एक वज्री आणि जुनं कुलूप मागतोय. द्यावं का? तांब्या पार काळा पडलाय, चिंच लावून लख्ख करून देऊ का?
– एक आजी, सांगली

उत्तर : द्या, द्या. फक्त घासू नका. तो काळपटपणा हवेशी झालेल्या व्यवहाराचा हिशेब आहे. चिंचेनं पुसलात की गेला. फारच वाटलं तर तळाशी नखाएवढी जागा चिंचेनं चोळा, म्हणजे आधी-नंतर दोन्ही नातवाला एकाच भांड्यावर दिसेल. चिठ्ठ्या त्याला लिहू द्या, मजकूर तुम्ही सांगा : तांब्या कुणाचा, कुठल्या प्रवासाला गेला होता, फिरकी कधी बिघडली. वज्री मात्र आधी स्वतः वापरून बघा. टाचांना ती अजून लागत असेल तर त्याला म्हणावं, ही वस्तू रविवारपुरतीच मिळेल.