विहिरीतला शंख तळ्याचा की समुद्राचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : जिवती तालुक्यात आमच्या शेतात विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली पांढरट गारेचा थर लागला. त्यात अंगठ्याएवढे शंख आहेत. गावातले म्हणतात, इथं पूर्वी समुद्र होता. खरं आहे का?

उत्तर : समुद्र नव्हे, तळं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खोलगट जागी पाणी साचे, गाळ बसे आणि पुढचा लाव्हा तो झाकून टाकी. नागपूरजवळच्या टाकळीच्या अशाच थरांतल्या शंखांची वर्णनं नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1860 मध्ये छापली. त्यांतला फायसा हा शंख विदर्भात सर्वांत ओळखीचा.

शंखाचं टोक वर आणि तोंड स्वतःकडे करून धरा. तोंड डावीकडे आलं तर तो बहुतेक फायसाच, म्हणजे गोड्या पाण्यातला. उजवीकडे आलं म्हणून लगेच समुद्र म्हणू नका. तळ्यातला लिम्नियाही उजवाच असतो. मग तोंडाचा खालचा काठ बघा. कोनससारख्या समुद्री शिकारी गोगलगायींच्या तोंडाला खाली खाच असते, तिथून त्या श्वासनळी बाहेर काढतात. गोड्या पाण्यातल्या बहुतेकांचा काठ अखंड गोल. टरिटेला या शंखाला मात्र समुद्रात राहूनही अशी खाच नसते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. सोबत काय आहे ते पाहावं : प्रवाळ, समुद्री साळू, कालवं असली तर समुद्र. लाव्हाच्या थरांलगतचे समुद्री शिंपले पाहायचे तर आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत जावं लागतं.

शंख सुटा काढायचा मोह आवरा. गारेवर चाकूचा ओरखडा उठत नाही, पण छिन्नीच्या घावानं ती काचेसारखी फुटते आणि शंखातूनच तडा जातो. भोवती दोन बोटं दगड राखून तुकडा काढा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्रश्न : भाच्यानं केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराकाठून जुने शिंपले आणले. चिखल निघावा म्हणून एक व्हिनेगरमध्ये ठेवला, तर फेस येऊन त्याची नक्षीच गेली. बाकीचे कसे साफ करू? लाकडी कपाटात ठेवले तर चालतील?

उत्तर : हे शिंपले बहुधा अष्टमुडीकाठच्या पडप्पकरा इथल्या थरातले. तो थर आरंभीच्या मायोसीन काळातला, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन कोटी वर्षांचा, उथळ उष्ण समुद्रातला. त्यातले शिंपले अजून चुन्याचेच आहेत. व्हिनेगर, लिंबू, फरशी धुण्याचं ॲसिड, सगळं त्यांना खातं. नक्षी सर्वांत वर असते, म्हणून आधी तीच जाते.

चिकणमाती काढायला पाणी पुरतं, पण क्रम चुकवू नका. तुकडा आधी सावलीत पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओली माती पाण्यात विरघळत नाही, नुसती चिकट होते. खडखडीत वाळलेली माती पाण्यात आपोआप फुटते. तुकडा चाळणीत ठेवून चाळणी बादलीत बुडवा. नाही फुटली तर लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा आणि मऊ ब्रशनं झाडा. चाळणीतला बारीक गाळ फेकू नका, तांदळाएवढे शंख त्यातच असतात. मात्र तडे गेलेला शिंपला असा भिजवू नका, मातीबरोबर तोही सुटतो.

पुढचं काम लोक टाळतात : मीठ काढणं. खाऱ्या पाण्याकाठचा शिंपला दोन-तीन दिवस पाणी बदलत ठेवा, शेवटचं पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड घ्या. आपल्याकडच्या विहिरीचं जड पाणी वाळल्यावर पांढरा थर सोडतं. मीठ आत राहिलं तर त्याचे स्फटिक वाढून पापुद्रे निघतात, आणि वरून लेप दिला असला तर लेपासकट निघतात. ठिसूळ शिंपल्याला पॅरालॉइड बी-72 या ॲक्रिलिक रेझिनचा लेप द्या : 100 मिली ॲसिटोनमध्ये 5 ग्रॅम, पातळ ब्रशनं, हवेशीर जागी, चुलीपासून दूर. ते पुन्हा ॲसिटोननं काढता येतं. वार्निश पिवळं पडतं, म्हणून नको.

लाकडी कपाट नकोच. लाकूड आणि प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघते, पावसाळ्याच्या दमटपणात ती चुन्यावर बसते आणि शिंपल्यावर पांढरी लव येते. धूळ समजून ती नुसती पुसली तर पुन्हा येते. शिंपला साध्या पाण्यात दिवसभर ठेवा, ब्रशनं झाडा, पूर्ण वाळवा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवा. डब्यात कापूस घालू नका.

प्रश्न : कोरपन्याकडचा चुनखडक समुद्रातला आहे असं शाळेत शिकवलं. मग त्यात एकही शिंपला का नाही?

उत्तर : समुद्रातलाच आहे, पण ‘पैनगंगा गट’ नावाच्या खडकसमूहातला हा खडक कवचवाल्या प्राण्यांच्या कितीतरी आधीचा. कवचं 54 कोटी वर्षांच्या सुमारास दिसू लागतात. त्यात शिंपला शोधू नका.

प्रश्न : विहिरीतले शंख कुणाला दाखवावेत?

उत्तर : नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. नेण्याआधी प्रत्येक तुकड्यासोबत चिठ्ठी ठेवा : मौजा, गट क्रमांक, किती फुटांवर सापडला, वर-खाली कोणता दगड होता, तारीख. मध्ये विटकरी लाल थर लागला असेल तर तोही लिहा. लाव्हाचा एक थर थांबून दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला, हे त्यावरून कळतं. चिठ्ठी शाईपेनानं नको, ओल लागली की पसरते, पेन्सिलीनं लिहा. विहीर बांधून घेण्याआधी कडेचा फोटो काढा, पट्टी किंवा टेप शेजारी धरून.