कर्जाच्या कागदातला 'चार्ज'

कर्जाच्या इंग्रजी कागदाचं मराठी भाषांतर करताना 'फर्स्ट चार्ज'चं तुम्ही 'पहिलं शुल्क' केलंत आणि कार्यालयातून कागद 'भाषांतर सदोष' एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला, हे तुमच्या पत्रात वाचलं आणि बारा वर्षांपूर्वीचा माझा कागद डोळ्यांसमोर उभा राहिला. तोच शब्द, तोच शेरा.

माझ्याकडे एका शेतकऱ्याच्या कर्जाचा इंग्रजी करारनामा होता. मीही आधी 'शुल्क'च लिहिलं. परत आला. नेमकं काय चुकलं ते विचारायला खिडकीवर गेलो, तर "ते आम्ही सांगत नाही." मग मी 'गहाण' केलं, आणि ही पहिलीपेक्षा मोठी चूक. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये गहाण कलम ५८ ला आहे आणि चार्ज कलम १०० ला. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध, म्हणजे तिच्यातला काही हक्क, कर्ज देणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये तो जात नाही, फक्त येणं त्या मालमत्तेतून वसूल करता येतं. कागद पुन्हा परत. शेवटी एका निवृत्त तलाठ्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, "अहो, हा बोजा. सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढवतात तो." तोवर दीड महिना गेला, त्या माणसाची पेरणी हुकली. चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं एक रेघ मारायला त्या कार्यालयाचं काय जात होतं? आजही आठवलं की संताप होतो.

माझं मत विचाराल तर अशा शब्दाला शब्दकोश आधी उघडूच नका. लॅटिन 'कार्रुस' म्हणजे गाडी. गाडीवर माल लादण्यापासून हा शब्द निघाला. तेव्हा कोणावर काय लादलंय ते बघा. गिऱ्हाइकावर पैसे असतील तर शुल्क, अधिकाऱ्यावर काम असेल तर पदभार, आरोपीवर ठपका असेल तर दोषारोप, जमिनीवर देणं असेल तर बोजा. आपल्या प्रभारी, अधिभार, विद्युतप्रभार या शब्दांतही तोच भार आहे. लाठीचार्जला मात्र हे ओढूनताणून लावू नका.

कर्जाच्या कागदात 'चार्जेस' असं अनेकवचन आणि शेजारी रक्कम दिसली तर बहुतेक वेळा शुल्क. एकवचनी 'चार्ज' आणि पुढे 'ऑन' किंवा 'ओव्हर' आलं तर बोजा धरून चाला. मी वकील नाही, त्यामुळे मसुदा एकदा वकिलाला दाखवाच. आणि त्याच कागदात 'सँक्शन' असेल, तर तिथे ती मंजुरी आहे. बातम्यांतले 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध, ते इथे येऊ देऊ नका.