कोमटपणाविषयी एक पत्र

इंदूर

प्रिय चिरंजीव,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण जे उत्तर मला लगेच सुचले ते माझे मलाच पटेना. डिसेंबरातल्या युवक शिबिरात तुझे अंतःकरण पेटून उठले होते, सारे आयुष्य प्रभूला वाहून टाकावे असे वाटले होते. आणि आता रविवारी उपासनेला बसलास की गीताचे शब्द ओठांवर येतात, पण आत काही हलत नाही, असे तू लिहितोस. आपण कोमट झालो आहोत आणि कोमटाला प्रभू तोंडातून ओकून टाकणार, या बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातील वचनाची तुला धास्ती वाटते.

त्या वचनाकडे जरा नीट पाहू. ते लावदिकीया या प्राचीन शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले आहे, आणि प्रभू तिथे म्हणतो की तू थंड तरी असायचे होतेस किंवा गरम तरी. गरम म्हणजे आवेश आणि थंड म्हणजे अविश्वास असा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मग प्रभूने थंडपणाची इच्छा का करावी, हे मला कोणी समजावून सांगितले नव्हते. पुढे एका भाष्यात वाचले की लावदिकीयाच्या एका बाजूला हेरापली हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव होते, दुसऱ्या बाजूला कलस्सैला थंड पाणी मिळत असे, आणि खुद्द लावदिकीयाला मात्र दुरून नळांतून आणलेले पाणी प्यावे लागे. गरम पाणी दुखऱ्या सांध्यांना शेकायला उपयोगी, थंड पाणी तहानेला उपयोगी, कोमट दोन्हींना निरुपयोगी. भाष्यकारांत याविषयी मतभेद असतील, पण ज्या बाईने चौतीस वर्षे वॉर्डात काढली तिला हा अर्थ ताबडतोब पटला. म्हणून छातीला थर्मामीटर लावून आपली भक्ती किती अंशांवर आली हे मोजत बसू नकोस. तुझे पाणी गेल्या आठवड्यात कोणाच्या उपयोगी पडले, एवढेच पाहा.

हे मी तुला अधिकाराने सांगते असे समजू नकोस. तुझ्या वयाची असताना माझ्यात आवेश एवढा होता की सहकारी परिचारिका मला पाहून वाट बदलत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी झाबुआकडची एक आई भाजलेल्या मुलाला घेऊन आमच्या वॉर्डात आली होती. रात्रपाळी संपल्यावर मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि प्रार्थना केली. लांबलचक, आणि खरे सांगायचे तर सुंदर प्रार्थना. तिने शेवटपर्यंत डोळे मिटून घेतले होते. 'आमेन' झाल्यावर तिने हळूच विचारले की पाणी कुठे मिळेल. नळ दोन मजले खाली होता, मुलाला एकटे टाकून जायची तिला भीती वाटत होती, आणि आदल्या दुपारपासून तिच्या घशाखाली घोट उतरला नव्हता. सारी रात्र मी त्याच वॉर्डात होते. पाणी आणून दिले खरे, पण त्या प्रश्नाने माझी जी फजिती झाली ती अजून पुरती जिरलेली नाही.

आवेश खोटा नव्हता. तो आंधळा होता, एवढेच. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, 'येशूला कळवळा आला' असे जिथे जिथे म्हटले आहे, तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद वापरले आहे ते आतड्यांच्या शब्दावरून आलेले आहे. मराठी माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही, कारण आपलेही आतडे तुटते, आपल्याही पोटात कालवते. आणि पुष्कळ ठिकाणी क्रम एकच दिसतो: आधी त्याने पाहिले, मग त्याला कळवळा आला. लोकसमुदायाला पाहून, नाईन गावाच्या वेशीजवळ एकुलत्या मुलाच्या तिरडीमागून चाललेल्या विधवेला पाहून. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही याजकाने आणि मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्याने वाटेत पडलेल्या त्या जखमी माणसाला पाहिलेले आहेच, पण ते दुसऱ्या बाजूने गेले; परका मानला जाणारा शोमरोनी जवळ आला. तू शिबिरातली ऊब शोधतो आहेस. मला वाटते, तुझे डोळे कुणावर तरी पुरेसा वेळ टिकलेले नाहीत, दुखणे तेवढेच आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुन्हा वाच, आणि या वेळी वॉर्डातल्या माणसासारखा वाच. सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे, येशू तिच्याकडे निघाला आहे, गर्दी रेटते आहे. आमच्या भाषेत ही अत्यवस्थ केस. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. काम झालेले आहे. तो न थांबता पुढे गेला असता तरी तिचे काही बिघडले नसते. तरीही तो थांबतो, कोण शिवले ते विचारतो, आणि ती सगळी हकिगत सांगेपर्यंत ऐकत राहतो. त्या वेळात बातमी येते की मुलगी गेली. त्या बापाला काय वाटले असेल याची कल्पना मला करवत नाही. पुढे मुलगी उठते हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला त्या घटकेला ठाऊक नव्हते. जुनाट दुखण्याची, जिची कोणाला घाई नव्हती अशी बाई, जिचा सारा पैसा घेऊन वैद्यांनी हात टेकले होते, तिला त्याने 'मुली' म्हणून हाक मारली. निकडीच्या कामाकडे धावत असतानाही वाटेत थांबता येणे हे मला अजून साधलेले नाही. पण तळमळ आणि कळवळा एकाच माणसात एकत्र नांदतात तेव्हा ते कसे दिसते, हे मला तिथेच पाहायला मिळते.

आपल्या शहराजवळचे एक उदाहरण तुझ्या पिढीला माहीत असावे. सिस्टर राणी मारिया आपल्या मंडळीच्या नव्हेत, त्या रोमन कॅथलिक, केरळातून आलेल्या. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या आसपास आदिवासी शेतमजुरांत त्या काम करत. सावकाराच्या विळख्यातून सुटण्यासाठी थोडी थोडी बचत कशी करावी, आपला हक्क कसा मागावा, हे त्या शिकवत, आणि ज्यांचे त्यामुळे नुकसान होत होते त्यांना ते खुपत होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये प्रवाशांदेखत त्यांच्यावर सुऱ्याने वार करून त्यांना मारण्यात आले. २००२ साली त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही संन्यासिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारिया यांना इथे इंदुरातच 'धन्य' घोषित करण्यात आले. या हकिगतीत लोकांना हौतात्म्य आठवते आणि राखी आठवते. मला त्याआधीची वर्षे आठवतात: कोणाच्या तरी ओसरीवर बसून व्याजाचा हिशेब समजावून सांगण्याची, ज्यांत टाळ्या नव्हत्या आणि बहुधा उचंबळून येण्यासारखेही काही नव्हते.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. दुष्काळात अन्नान्न दशा होऊन आईवडील गेलेले त्यांनी स्वतः पाहिले होते; १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुलींना आणि विधवांना बरोबर घेऊन गेल्या. स्वतःची जुनी जखम त्यांनी झाकून ठेवली नाही, तिचाच उपयोग केला. तुझे वडील गेले त्या वर्षाविषयी तू पत्रात एक ओळ लिहून लगेच विषय बदललास. मी तो मुद्दाम पुन्हा काढते आहे, कारण दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची तुझी पात्रता कदाचित शिबिरापेक्षा त्या वर्षात अधिक आहे.

दोन सावधगिऱ्या मात्र सांगितल्याच पाहिजेत. कळवळ्याला गळ लावू नकोस. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला; येशूने 'बाकीचे नऊ कुठे आहेत' असे विचारले खरे, पण त्या नऊंचे बरेपण काढून घेतले नाही. भाकरीच्या बदल्यात कोणाचा विश्वास मागणे हा भाकरीचाही अपमान आहे आणि विश्वासाचाही. कोणी स्वतःहून विचारले तर आपण कोणाचे आहोत ते लपवू नये, इतकेच.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. कफर्णहूमात संध्याकाळी आजाऱ्यांना घेऊन सारा गाव दाराशी लोटला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, सगळे तुमची वाट पाहत आहेत म्हणाले, आणि तो उत्तरला की आपण दुसऱ्या गावांना जाऊ. रांगेत उरलेल्यांचे काय झाले ते लिहिलेले नाही. तरुणपणी या जागी मी अडखळत असे. रोगी सोडून कसे जाता येते? पुढे सलग कित्येक महिने दुहेरी पाळ्या करून मी अशी झाले की एका म्हाताऱ्याच्या मृत्यूची नोंद करताना माझ्या मनात फक्त खाट रिकामी झाल्याचा विचार आला. त्या दिवशी मला त्या पहाटेचा अर्थ लागला. तेव्हा पहाटेची अर्धी घटका कोणालाही देऊ नकोस, मंडळीच्या कामालासुद्धा नाही. त्या वेळात काही वाटलेच पाहिजे असाही आग्रह धरू नकोस. स्तोत्रांतली कितीतरी तर तक्रारीच आहेत.

आणि आरंभ लहान कर. आपले शहर २०१७ पासून सलग कित्येक वर्षे स्वच्छतेत पहिले आले याचा आपल्या सर्वांना अभिमान; पण रोज सकाळी गाणे वाजवत जी कचरागाडी येते तिच्यामागून चालणाऱ्या बाईचे नाव तुला ठाऊक आहे का? मलाही गेल्या दिवाळीपर्यंत नव्हते. आता नाव ठाऊक आहे, तिच्या मुलाची दहावी ठाऊक आहे, आणि गणितात तो अडला आहे हेही ठाऊक आहे. गणित मला येत नाही, तुला येते.

दर गुरुवारी संध्याकाळी साडेचारला आम्ही तिघी सरकारी रुग्णालयाच्या आवारात चहा घेऊन जातो. खरगोन, बडवानी, धारहून आलेले नातेवाईक तिथे झाडाखाली मुक्काम टाकून असतात. चहा हे निमित्त. खरे काम औषधाची चिठ्ठी वाचून देणे, कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगणे, आणि पुष्कळदा नुसते ऐकणे. या गुरुवारी तू ये. व्हाइट चर्चच्या चौकात मी सव्वाचारला उभी असेन, तिथून पायीच जाऊ. येताना स्टीलचे पेले आण, मिळतील तेवढे. आमच्याकडे बारा होते, त्यातले चार परत आले नाहीत.

तुझी,
मावशी